अंगावर लोखंड नको

त्या माळावर पाऊल ठेवायचं तर आधी अंगावरचं लोखंड उतरवून ठेवावं लागे, आणि या बाबतीत ओळंबाकाका कुणालाच भीक घालत नसत. पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, घड्याळ, केसांतल्या पिना, बुटांतले खिळे, सगळं बाहेर. मागे दुसऱ्या एका जागी वरच्या कार्यालयातले बडे साहेब पाहणीला आले होते. काकांनी त्यांचा पट्टा काढून घेतला आणि साहेबांनी सगळी पाहणी एका हाताने पँट धरून केली. साहेब पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. काका मात्र अजून अभिमानाने सांगायचे, की त्या दिवसाच्या मोजणीत एकही ठिपका वाकडा आला नव्हता.

ओळंबा हे अर्थातच टोपणनाव. चालायला लागले की गवंड्याने ओळंबा लावून बघावं इतके सरळ चालायचे, म्हणून कधीतरी कुणीतरी ते चिकटवलं, आणि मग खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं. जमिनीखाली गाडल्या गेलेल्या जुन्या वस्त्या शोधणाऱ्या तुकडीत त्यांचं काम चालण्याचं. कमरेच्या उंचीवर आडवं धरायचं एक हलकं यंत्र असतं, ते मातीच्या चुंबकत्वातला केसाएवढा फरक टिपतं. खाली भाजलेली वीट असली, जुनी चूल असली, बुजलेला खड्डा असला, तर त्याला कळतं. अंगावर टाचणी असली तर तीही कळते, आणि मग ते चूल विसरून टाचणीचंच कौतुक करत बसतं. यंत्र ठरावीक तालात टिकटिकतं, त्या तालावर दोरीच्या कडेने जायचं, वळायचं, यायचं, पुन्हा जायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते.

काकांची सून त्याच तुकडीत होती. काका तिला सूनबाई म्हणत, म्हणून सगळी तुकडी, अगदी तुकडीच्या प्रमुख बाईसुद्धा, तिला सूनबाईच म्हणत. यंत्रातले आकडे संगणकात घेऊन त्यांचं चित्र करायचं हे तिचं काम. लग्नाआधी ती एका विमा कंपनीत आकडेमोड करायची. काकांनीच तिला इकडे ओढलं. "तिथे माणसं मरायची वाट बघत बसतेस, त्यापेक्षा इथे ये, मेलेली उठवू," असं म्हणाले होते. सूनबाईला ते इतकं आवडलं की तिने त्याच महिन्यात राजीनामा दिला.

चित्र स्वच्छ करायच्या ज्या पायऱ्या असतात, त्यातली एक चालणाऱ्याची. माणूस कितीही जपला तरी एखादं लोखंड अंगावर राहतं आणि त्याच्या पावलांचा ताल आकड्यांत उतरतो. तो उतरलाय का हे तपासायचं, उतरला असेल तर पुसायचा. इतर सगळ्यांच्या बाबतीत सूनबाई ही पायरी डोळ्यांत तेल घालून करायची. काकांच्या बाबतीत नाही. नवी असताना एकदा तिने त्यांच्यासमोरच त्यांची पावलं तपासली होती. काका तेव्हा काही बोलले नाहीत. पण पुढचा आठवडाभर जेवताना मीठ लागलं की ते सासूबाईंकडे बघून म्हणायचे, "सूनबाईला सांग, मीठ दे," आणि सूनबाई शेजारीच बसलेली असायची. तिने कानाला खडा लावला. आणि खरं तर तपासायला कारणही नव्हतं. ओळंबाकाकांच्या अंगावर लोखंड सापडेल, असं बोलणाऱ्याला तुकडीतल्या लोकांनी वेड्यात काढलं असतं.

हा माळ बाईंनी खुर्चीवरून न उठता शोधला होता. उपग्रहाने वेगवेगळ्या महिन्यांत काढलेली एकाच जागेची चित्रं त्या शेजारी शेजारी ठेवून बघत बसायच्या. खाली दगड असला की वरची माती पातळ असते, आणि कडक उन्हात तिथलं गवत आधी वाळतं. जमिनीवर उभ्या माणसाला काही दिसत नाही, आभाळातून मात्र पिवळी रेघ दिसते. अशा रेघांचा एक लांबट चौकोन त्यांना दिसला आणि त्या उठून खोलीभर फिरल्या. पण उपग्रहाला चौकोनाच्या पोटात काय आहे ते सांगता येत नव्हतं, चौकोनाची एक बाजू तर धड उमटलीच नव्हती. पुढचं काम चालणाऱ्याचं.

शिवाय घाई होती. माळावर गोदामं उभी राहणार होती. बाईंनी अर्ज-विनंत्या करून, उंबरे झिजवून एका खड्ड्याची परवानगी मिळवली होती. फक्त एक खड्डा. त्यात भक्कम काही निघालं तर बांधकाम थांबणार, नाही निघालं तर दुसऱ्या दिवशी यंत्रं येऊन सगळं सपाट करणार. म्हणजे तो एक खड्डा कुठे घ्यायचा, यावर सगळं अडलेलं होतं. बाईंची ती शेवटची मोहीम होती, त्यानंतर त्या निवृत्त होणार होत्या. त्या हे बोलून दाखवत नसत, पण दिवसातून दहादा चष्मा पुसायच्या.

माळाच्या कडेला तुकडीची लाकडी खोली होती. पत्र्याची चालली नसती, यंत्र बिथरलं असतं. तिथे बसून सूनबाईने सगळ्या आकड्यांचं चित्र जोडलं आणि पडद्यावर ठिपके उमटले. एकसारखे, एकसारख्या अंतरावर, ओळीमागून ओळी. तिने बाईंना हाक मारली.

बाई पडद्यापाशी आल्या आणि चष्मा पुसून वाकल्या. मग म्हणाल्या, "खांब."

"खांब?"

"खांबांचे पाये आहेत हे. केवढा मोठा दरबार असेल बघ. एवढे खांब मी अख्ख्या आयुष्यात एका जागी बघितलेले नाहीत." त्यांचा आवाज कापत होता. "ओळंबासाहेब, या, या! तुम्ही काय चालून आलात ते बघा."

काका दारातूनच म्हणाले, "छान आहे." आणि पाणी प्यायला बाहेर निघून गेले. एरवी स्वतःच्या ओळींचं चित्र बघताना हा माणूस जागचा हलत नसे. सूनबाईला वाटलं, दमले असतील.

खड्डा दरबाराच्या मधोमध घ्यायचं ठरलं. बाईंनी खुंट्या मागवल्या, वरच्या कार्यालयाला फोन केला, आणि फोनवर "दरबार" हा शब्द इतक्यांदा उच्चारला की पलीकडच्या माणसाला आपण कुठल्या राजाशी बोलतोय असं वाटलं असेल. सूनबाईलाही आनंद झाला होता. पण चित्र कागदावर छापायला म्हणून तिने जवळून बघितलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

खांब माळाच्या एकाच अर्ध्या भागात होते. दुसऱ्या अर्ध्यात एकही नाही. मध्ये भिंत असती तर समजण्यासारखं होतं, पण भिंत नव्हती. खांब एका सरळ दोरीवर येऊन पटकन संपत होते, आणि ती दोरी सूनबाईच्या ओळखीची होती. रोज सकाळी दोरीच्या डावीकडचं चालून व्हायचं, मग जेवणाची सुट्टी, मग उजवीकडचं. कुठलाही राजा आपला दरबार दुसऱ्यांच्या जेवणाची सुट्टी बघून बांधत नाही.

तिने बोट ठेवून दोन ठिपक्यांमधलं अंतर बघितलं. शिकताना ती या अंतरावर किती दिवस चालली होती! काका पुढे आणि ती मागे, त्यांच्या पावलात पाऊल टाकत, आणि तिचं पाऊल दरवेळी थोडं आखूड पडायचं. चित्र तसंच ठेवून ती संध्याकाळी घरी गेली.

घरी न्हाणीघराच्या खुंटीवर गुडघ्याचा पट्टा वाळत होता. जाड कापडाचा, दोन्ही बाजूंना आत काहीतरी ताठ शिवलेलं. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर टेलिफोनचं बिल अडकवायला एक लोहचुंबक होतं. सूनबाईने ते काढलं, बिल खाली पडलं, आणि ती ते घेऊन न्हाणीघरात गेली. चुंबक पट्ट्याला टक् करून चिकटलं. ओढून काढावं लागलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"कधीपासून, आई?"

"माळावरचं काम सुरू झालं ना, तेव्हापासूनच. सकाळचं कसंबसं रेटतात. जेवून उठले की गुडघा धरतो, मग खोलीमागे जाऊन घालतात. घालू नका तर काय म्हणू? जिनासुद्धा भिंतीला धरून उतरतात हल्ली." सासूबाईंनी बिल उचलून हातात धरलं. "तुला सांगू नको म्हणाले. सून काळजी करत बसेल आणि कामात चुका करेल म्हणे."

सूनबाईला हसावं की रडावं ते कळेना. तिला त्यांचा राग आला होता, आणि रागापेक्षाही जास्त त्यांची कीव आली होती, आणि कीव आल्याची तिला लाज वाटत होती. जेवताना काकांनी तिला विचारलं, "काय गं, गप्प का?" ती म्हणाली, "काही नाही बाबा." आणि मीठ त्यांच्यापुढे सरकवलं.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी खोलीवर पोचली. संगणकाने विचारलं, चालणाऱ्याची पावलं तपासायची का? तिने हो म्हटलं. ओळंबाकाकांसाठी त्या मीठप्रकरणानंतर पहिल्यांदाच. आकडे थोडा वेळ फिरले आणि दरबार गेला. एकूण एक खांब गेले. खाली राहिली राखाडी माती आणि एका कडेला एक पुसट रेघ, इतकी पुसट की आहे म्हणावी तर आहे. इतका जोरकस ताल पुसताना खालचंही बरंचसं पुसलं जातं, त्यामुळे त्या चित्रावर विसंबून खड्डा घेणं म्हणजे डोळे बांधून दगड मारण्यासारखं झालं असतं.

बाई आल्यावर तिने ठरवून ठेवलेलं वाक्य बोलून टाकलं. "बाई, माझी चूक झाली. एक पायरी माझ्याकडून राहिली होती. खांब नाहीत."

बाईंनी पडद्याकडे बघितलं. मग खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"पावलं होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नुसती पावलं यंत्राला दिसत नाहीत, सूनबाई. पावलांबरोबर लोखंड लागतं. मी काय काल जन्मले?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "लोखंड माझ्याकडे होतं." ओळंबाकाका दारात उभे होते. त्यांनी वाकून पँट गुडघ्यापर्यंत वर केली. आज पट्टा सकाळपासूनच घातलेला होता.

काकाच पुढे बोलत राहिले. "यंत्र कमरेशी असतं, पट्टा गुडघ्याला. म्हटलं, थोडीफार खरखर येईल. ती येईल ती सूनबाई काढून टाकेल. ती सगळ्यांची काढते."

"तुमची नाही काढत बाबा," सूनबाई म्हणाली. "तुमची कधीच काढली नाही. तुमच्या अंगावर लोखंड असूच शकत नाही, असं धरूनच मी पुढे गेले."

"कधीच नाही?"

"त्या मिठानंतर नाही."

काकांचा चेहरा पडला. मिठाचं प्रकरण त्यांना आठवत होतं, हे उघड दिसत होतं.

बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "म्हणजे तुम्ही हिच्या भरवशावर, ही तुमच्या भरवशावर, आणि मी तुम्हा दोघांच्या भरवशावर खांब मोजत बसले," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि मग मात्र त्या चिडल्या. "खड्डा घेतला असता तिथे. रिकामा निघाला असता. एकच खड्डा आहे हो माझ्याकडे! तुम्ही दुसऱ्यांचे पट्टे काढता, साहेबांना पँट धरून फिरवता, आणि स्वतः?"

"माझं चुकलं," काका म्हणाले. उगाच कारणं दिली नाहीत. मग सूनबाईकडे वळून त्यांनी आवाज चढवला. "आणि तू? माझ्यासाठी खोटं बोलतेस? माझ्या ओळीवर आजवर कुणाला पांघरूण घालावं लागलं नाही. यापुढे माझा मान ठेवू नकोस. माझी चूक काढ. मान ठेवलास म्हणून हे झालं."

सूनबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला वाईट वाटलं ते त्यांच्या बोलण्याचं नाही. ते बरोबर बोलत होते, आणि एवढं बरोबर बोलणाऱ्या माणसाला आता चालता येणार नव्हतं, याचं वाटलं.

तो अर्धा माळ पुन्हा चालायला हवा होता. काकांनी पट्टा काढला, यंत्र उचललं आणि दोरीपाशी गेले. पहिली काही पावलं ओळंबाकाकांचीच होती. मग गुडघा लटपटला आणि यंत्र कलंडलं. पुन्हा उभे राहिले, पुन्हा तेच. दुसरे दोघे चालणारे दूरच्या कामावर गेलेले, त्यांना बोलावून घेईपर्यंत परवानगीची मुदत संपली असती. काकांनी यंत्र छातीशी धरून ठेवलं होतं, एखाद्याने झोपलेलं मूल धरावं तसं. शेवटी त्यांनी ते सूनबाईच्या हातात दिलं. म्हणाले, "ताल सोडू नकोस. माती काय सांगते ते यंत्र ऐकेल. तू फक्त ताल ऐक."

ती चालली. काका खोलीच्या दारात लाकडी स्टूल टाकून बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते दुसऱ्याला चालताना बसून बघत होते. सूनबाई जाताना पाठमोरी असायची, येताना समोर. येताना तिला ते दिसायचे, मान ताठ, दोन्ही हात मांड्यांवर. ते मान हलवतायत का, कपाळाला आठी पडलीय का, हे तिला एवढ्या लांबूनही बघावंसं वाटे. दिवसभर चालून तिचे खांदे भरून आले, पण ताल कुठे चुकल्याचं तिला जाणवलं नाही.

संध्याकाळी चित्र जोडलं. आधी तिने स्वतःची पावलं तपासली, सगळ्यांसमोर. ती स्वच्छ होती. आणि चित्रात, खोलीच्या बाजूच्या कडेला, सकाळी पुसट वाटलेली रेघ ठळक होऊन आली होती. भिंत होती ती. यात आता शंका नव्हती. उपग्रहाच्या चित्रात न उमटलेली चौकोनाची बाजू तीच.

"पण हे बघा," बाई पुढे वाकल्या. "भिंत सरळ नाही. करवतीसारखे दात आहेत. आत, बाहेर, आत, बाहेर." त्यांच्या आवाजात पुन्हा ते कालचं कापरं आलं. "बुरूज तर नसतील? छोटे छोटे बुरूज?"

काका चष्मा लावून पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकले. या वेळी ते पाणी प्यायला गेले नाहीत. बोटाने एकेक ओळ मोजत खाली आले.

"बुरूज नाहीत हो," ते म्हणाले. "सूनबाई आहे ती."

"काय?"

"एक ओळ सोडून एक दात आहे. जातानाच्या ओळी नीट आहेत. येतानाच्या ओळीत शेवटी शेवटी पाऊल मंदावतंय. यंत्र आपला ताल धरून चाललंय, ही मागे राहतेय, म्हणून भिंत सरकतेय. मी दारात बसलो होतो ना. माझ्याकडे बघत येते." ते सरळ उभे राहिले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "बरोबर चाललंय ना, हे विचारायला."

सूनबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाई खो खो हसल्या, आणि काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खोलीजवळच्या ओळी पुन्हा चालायच्या ठरल्या. सूनबाईने मनाला बजावलं होतं, बघायचं नाही. ती माळाच्या टोकाला वळली आणि खोलीच्या दिशेने येऊ लागली, आणि बघायचं नाही म्हणता म्हणता तिने बघितलंच. दार रिकामं होतं. स्टूलही नव्हतं.

गेले का घरी? रागावले का? की गुडघा फारच दुखतोय, आणि कुणी सांगितलं नाही? पाय थांबू बघत होते. हातातलं यंत्र टिकटिकत होतं, आणि काका म्हणाले होते, तू फक्त ताल ऐक. ती चालत राहिली. बघण्यासारखं समोर काहीच नव्हतं, म्हणून तिने दोरीकडे बघितलं. ओळ संपली, दुसरी सुरू झाली, दुसरी संपली. हळूहळू तिला तालाखेरीज काही ऐकू येईनासं झालं.

चित्रात भिंत सरळ आली. एका टोकाला नेमका काटकोन करून ती माळाच्या पोटात वळली होती. बाईंनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा लावून खात्री केली, आणि खुंट्या घेऊन स्वतःच माळावर गेल्या. एकाच खड्ड्याची जागा आता ठरली होती.

सूनबाई काकांना शोधायला बाहेर आली. ते खोलीमागे सापडले. स्टूल भिंतीला लावून, माळाकडे पाठ करून बसले होते. समोर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसतं कुंपण आणि त्यापलीकडचा रस्ता. सकाळपासून ते तिथेच असणार, कारण चहाचा रिकामा कप पायाशी होता आणि त्यात मुंग्या झाल्या होत्या. ज्या माणसाने उभा जन्म माळाकडे तोंड करून काढला, तो असा पाठ फिरवून बसलेला बघून तिला भडभडून आलं.

"बाबा, इथे काय करताय?"

"तुझी भिंत सरळ करतोय," ते म्हणाले. "झाली का?"

"झाली," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.